लाल धूळ, निळी टाकी

गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी थांबते ती एकट्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला, अगदी उत्तर टोकाशी. एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर तिथून दीडशे किलोमीटरहून दूर. त्यामुळे या भागात येणारे सिमेंट, सळई आणि गिट्टी, तसेच इथून जाणारे धान, बांबू, तेंदूपत्ता आणि लोहखनिज, हे सगळे पिढ्यानपिढ्या चाकांवरच चालत आले आहे. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला तरी इथली वाहतूक आणि बाजार चंद्रपुराशीच बांधलेला राहिला. खनिजाचेही तेच झाले. डोंगर एटापल्लीत, तर लॉइड्स मेटल्सचा जुना स्पंज आयर्न कारखाना चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला. मधे एटापल्ली, आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी अशी रांग.

खाणीचा पट्टा २००७ मध्ये मंजूर झाला, उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले, बंद पडले, २०२१ पासून पुन्हा जोरात चालू झाले. २०२३ मध्ये पर्यावरण मंजुरी वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. कागदावरचा हा आकडा रस्त्यावर कसा दिसेल याचा हिशेब कोणालाही करता येतो. वर्षाचे ३०० दिवस काम धरले, एका गाडीत ३० टन माल धरला आणि सगळा माल रस्त्यानेच न्यायचा म्हटले, तर दिवसाला अकराशेहून जास्त भरलेल्या गाड्या लागतात. तेवढ्याच रिकाम्या परत येणार. चोवीस तास वाहतूक चालू ठेवली तरी एखाद्या गावासमोरून दर चाळीस सेकंदांना एक जड गाडी जाते. अपघात, उखडलेला रस्ता आणि धूळ यांवरून आष्टी-आलापल्ली पट्ट्यात वारंवार आंदोलने का झाली, ते या भागाकारात आहे.

या गाड्यांचे मालक एकाच प्रकारचे नसतात. शेकडो गाड्यांचे ताफे असलेले ट्रान्सपोर्टर असतात, तसेच फायनान्सवर एक-दोन टिप्पर घेतलेली स्थानिक माणसेही असतात. खनिजाचे काम मिळाले तर खनिज, नाही तर रस्त्याच्या कामावर मुरूम-गिट्टी, हंगाम असला की रेती. ‘वाहतुकीत स्थानिकांना प्राधान्य द्या’ ही मागणी ज्यांची असते ती हीच माणसे. डिझेलच्या धुराचे नियम या माणसाच्या धंद्याला नेमके कुठे टोचतात, तेवढेच इथे पाहायचे आहे. नियम चांगला की वाईट, हा प्रश्न माझ्या मते निकालात निघालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. धूर कमी व्हायलाच हवा. त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

या नियमांचे धागे महाराष्ट्रातून बरेच गेलेले आहेत. कोणत्या साली कोणता टप्पा आणायचा, त्यासाठी इंधन कसे सुधारायचे, याचा पहिला नीट आराखडा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००२ मध्ये दिला. जानेवारी २०१६ मध्ये नितीन गडकरींच्या मंत्रालयाने बीएस-५ (भारत स्टेज ५) हा टप्पा गाळून थेट बीएस-६ वर जायचे ठरवले. इंजिने या मापात बसतात की नाही हे तपासणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे.

मापे काय आहेत? जड डिझेल इंजिनाने एक युनिट काम केले, म्हणजे एक किलोवॅट-तास, की किती ग्रॅम घाण बाहेर पडते, असे ते मोजतात. बीएस-३ मध्ये नायट्रोजनच्या ऑक्साइडांना पाच ग्रॅमपर्यंत मुभा होती. बीएस-४ मध्ये साडेतीन. बीएस-६ मध्ये अर्ध्या ग्रॅमच्याही आत. काजळीच्या कणांची मर्यादा बीएस-३ च्या एक दशांशावर आली. शिवाय कणांचे नुसते वजन पुरेसे नाही, त्यांची संख्याही मोजायची, असे ठरले. डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांमागे ३५० वरून आधी ५० आणि मग १० भागांवर आणले गेले, कारण गंधक राहिले तर पुढे धुराड्यात बसवलेली महागडी यंत्रणाच निकामी होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट हवी. हा नियम नव्या गाडीच्या विक्री-नोंदणीला लागतो. आधीच रस्त्यावर असलेल्या गाडीला तो बीएस-६ व्हायला सांगत नाही. म्हणजे टिप्परमालकाची त्याच्याशी गाठ पडते ती शोरूममध्ये, गाडी बदलायची वेळ आली की.

ती वेळ सूरजागडात एकदा फार विचित्र रीतीने आली. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज वाहतुकीला लावलेली सत्तरहून अधिक वाहने जाळली. त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ मार्च २०१७ला, सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री आणि नोंदणी बंद केली. देशभरात आठ लाखांहून अधिक न विकलेली वाहने कंपन्या आणि विक्रेत्यांकडे पडून होती, त्यात जवळपास लाखभर व्यापारी वाहने. दोन दिवस सवलतींची झुंबड उडाली. ज्याची गाडी डिसेंबरात जळाली आणि विम्याचा दावा एप्रिलपर्यंत लटकला, त्याला त्याच किमतीत तीच गाडी पुन्हा घेता येणार नव्हती. न्यायालयापुढे कंपन्यांचा साठा होता, असा मालक त्या सुनावणीच्या चित्रात कुठेच नव्हता.

२०२० मध्ये पुन्हा तसेच झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि त्याच्या आठवडाभर आधी टाळेबंदी. जड ट्रकची किंमत लाखांत वाढली. धंदा बंद, हप्ता चालू आणि नवी गाडी आधीपेक्षा महाग.

आता गाडी. जुन्या टिप्परचे इंजिन बरेचसे यांत्रिक होते. पंप, नोझल, फिल्टर, गॅस्केट. आलापल्लीच्या किंवा अहेरीच्या मेकॅनिकने आवाजावरून रोग सांगायचा आणि पान्याने तो काढायचा. बीएस-६ गाडीत इंजिनाच्या मागे एक छोटा रासायनिक कारखानाच बसवलेला आहे. धूर आधी एका उत्प्रेरकातून जातो, मग काजळी अडवणाऱ्या सच्छिद्र गाळणीतून, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. त्यानंतर त्यावर एका द्रवाचा फवारा पडतो आणि दुसऱ्या उत्प्रेरकात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ यांत रूपांतर होते. हा द्रव म्हणजे डीईएफ, निळ्या झाकणाच्या टाकीत भरायचा. ड्रायव्हर त्याला ‘युरिया’ म्हणतात, आणि ते चूक नाही: ३२.५ टक्के युरिया, बाकी खनिजमुक्त शुद्ध पाणी. उष्ण धुरात युरियाचा अमोनिया होतो आणि खरे काम तो करतो.

धानाच्या मुलखात युरिया म्हटला की मोह होणारच. कृषी केंद्रातली ४५ किलोची अनुदानित पिशवी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. ती पाण्यात विरघळवून टाकीत ओतली तर काय बिघडले? बरेच काही. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट असते, आणि विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते. फवाऱ्याचे बारीक छिद्र बुजते, उत्प्रेरकावर थर बसतो, आणि पिशवीत वाचवलेले पैसे उत्प्रेरकाच्या बिलात कित्येक पटींनी जातात. अनुदानाचा युरिया असा वापरणे गुन्हा आहे, ते वेगळेच.

चांगले डीईएफ घेऊन ठेवावे म्हटले तर उन्हाळा आडवा येतो. या द्रवाचे आयुष्य तापमानावर ठरते. २५ अंशांवर तो दीड वर्ष टिकतो, ३० अंशांवर वर्षभर, ३५ अंशांवर जेमतेम सहा महिने. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या टपावर ठेवलेल्या बादलीचा हिशेब वाचकाने करावा. युरोपात लिहिलेल्या नियमपुस्तकांना हा द्रव उणे अकरा अंशांवर गोठतो याची काळजी जास्त आहे. ती काळजी एटापल्लीत कोणालाच नाही.

खर्च किती? शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाच लिटर डीईएफ लागते. सूरजागडहून घुग्घुसला जाऊन परत यायला शंभरावर लिटर डिझेल जाते असे धरले, तर फेरीमागे पाच-सहा लिटर. एवढ्याने कोणी बुडत नाही. अडचण डीईएफ संपल्यावर होते. टाकी कोरडी पडली की गाडी बंद पडत नाही, आधी दिवा लावते, मग इंजिनाची ताकद कापते आणि शेवटी रांगायला लागते. ‘गाडी पिकअप घेत नाही’ अशी तक्रार तीस टन माल घेऊन जंगलातल्या चढावर करायची वेळ येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने युरियाची निर्यात रोखली तेव्हा दक्षिण कोरियात हाच द्रव मिळेनासा झाला आणि तिथल्या सरकारला तो ट्रकांसाठी विमानाने आणण्याची वेळ आली. प्रगत देशाची ही गत, तर खाणीच्या रांगेतल्या एका ड्रायव्हरने दोन बादल्या जास्त ठेवल्या तर त्याला साठेबाज म्हणू नये.

पण माझ्या मते डीईएफपेक्षा खरे दुखणे डीपीएफचे आहे, आणि ते नीट समजून घ्यावे असे आहे. गाळणीत काजळी साठत जाते. ती ठरावीक प्रमाणापलीकडे गेली की जाळून टाकावी लागते, त्यासाठी गाळणीचे तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास जायला हवे. हमरस्त्यावर भरलेली गाडी एका लयीत तासभर पळाली की हे चालता चालता होऊन जाते, ड्रायव्हरला कळतही नाही. आता खाणीची फेरी डोळ्यांपुढे आणा. भरायला रांग, काट्यावर रांग, चौकीवर थांबा, पुढे खड्ड्यांतून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. थांबलेल्या गाडीचे इंजिन चालू, पण धूर थंड. काजळी साठते, जळत नाही. मग गाडी एका जागी उभी करून, इंजिनाचा वेग वाढवून, गाळणी मुद्दाम तापवावी लागते. त्यात वेळ जातो, डिझेल जाते, आणि धुराड्याचे तोंड वाळल्या पानांकडे असेल तर उन्हाळ्याच्या जंगलात ते धोक्याचेही आहे. ते टाळले तर गाळणी चोंदते आणि शेवटी काढून साफ करावी किंवा बदलावी लागते. इंजिन ऑइलही कमी राख देणारेच वापरावे लागते, कारण काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही.

म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, पण ही यंत्रणा चांगल्या रस्त्यावर फुकटात चालते आणि वाईट रस्त्यावर पैसे मागते. रस्ता वाईट का, तर तोच रस्ता रोज हजारो टन खनिज सोसतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांवरचा भार वाढवून दिला, तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून साडेअठ्ठावीस टनांवर नेले. टनामागचा धूर त्याने थोडा कमी झाला असेल. रस्त्यावरचा भार मात्र वाढला.

बिघाड झाला की आता पाना पुरत नाही, स्कॅनर लागतो. सेन्सर गेला, की वायर उंदराने कुरतडली, की खरोखर डीईएफ खराब, हे लॅपटॉप जोडल्याशिवाय सांगता येत नाही. ताफेवाल्या ट्रान्सपोर्टरकडे तो लॅपटॉप आणि तो चालवणारा माणूस जागेवर असतो, कंपनीशी देखभालीचा करार असतो. एका गाडीच्या मालकाला चंद्रपूर-नागपूरकडून माणूस येण्याची वाट पाहावी लागते. तोवर गाडी उभी, आणि हप्त्याला उभी गाडी कळत नाही.

म्हणून पळवाटा निघतात. संगणकाला ‘सगळे ठीक आहे’ असा खोटा संदेश देणारी छोटी पेटी जगभर विकली जाते. युरोपातल्या रस्त्यांवरही पोलीस अशा पेट्या पकडतात. आपल्याकडे पकडण्याचे साधन म्हणजे पीयूसी, गाडीची ठरावीक काळाने होणारी धूर-तपासणी. डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर किती काळा आहे तेवढे मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणजे ज्या वायूसाठी निळी टाकी, फवारा आणि दुसरा उत्प्रेरक असा सगळा खटाटोप आहे, गाडी रस्त्यावर आल्यानंतर त्याची कोणी विचारपूस करत नाही. नियम कारखान्याच्या दारात कडक आहे आणि आलापल्लीच्या तिठ्यावर जवळजवळ आंधळा. याचा तोटा पुन्हा प्रामाणिक मालकालाच.

त्याहून मोठी गोम भाड्यात आहे. खनिजाचे भाडे टनावर आणि अंतरावर ठरते, मुरूम-गिट्टीचे ब्रासवर, म्हणजे घनफळावर. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही माल आणि अंतर पाहतात, गाडी बीएस-३ की बीएस-६ असा रकाना तिथे नाही. म्हणजे स्वच्छ गाडी घेणाऱ्याने जास्त हप्ता भरायचा, डीईएफ भरायचे, गाळणी सांभाळायची आणि दर मात्र पंधरा वर्षे जुन्या, कर्ज फिटलेल्या गाडीवाल्याइतकाच घ्यायचा. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांपुढची डिझेल गाडी न्यायालयीन आदेशांनी अडवली गेली. गडचिरोलीत असे काही नाही. जुन्या गाडीला पासिंगची वाढीव फी आहे, आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर आहे, पण नव्या गाडीच्या हप्त्यापुढे हे किरकोळ. दोन गाड्यांचा मालक गणित करतो आणि जुनीच गाडी आणखी दोन पावसाळे ओढतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

रस्त्याकडेच्या गावाला या सगळ्यातले काय दिसते? लाल धूळ. घरांवर, झाडांवर, उभ्या धानावर. ती धुराड्यातून येत नाही. ती येते ताडपत्री नीट न बांधलेल्या मालातून, चाकांखाली दळल्या गेलेल्या सांडलेल्या खनिजातून, साइडपट्टीच्या मातीतून, ब्रेक-टायरच्या झिजेतून. उद्या सगळ्या गाड्या बीएस-६ झाल्या तरी तिच्यात फरक पडणार नाही. तिच्यावरचे उपाय जुने आणि स्वस्त आहेत: पाणी मारणे, चाके धुणे, ताडपत्री, वेगमर्यादा, पक्की साइडपट्टी. त्यांची जबाबदारी खाणीच्या मंजुरीतल्या अटींवर आणि त्या पाळून घेणाऱ्यांवर आहे. चंद्रपूरला हा अनुभव आधीच आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे होते. कोळसा, राख, सिमेंट, वाहतूक यांच्या थरात एकट्या धुराड्याला वेगळे काढणे तिथेही जमलेले नाही.

खाणीच्या आतल्या यंत्रांचा नियम आणखी निराळा. ग्रेडर, लोडर, जेसीबी अशा चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून एक आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याहून कडक टप्पा लागू झाला. पण नियमाची व्याख्या चाकांच्या वाहनांची आहे. साखळीपट्ट्यावर चालणारे पोकलेन तिच्यात बसत नाही. डोंगर खोदणारे मुख्य यंत्र नियमाबाहेर आणि माल वाहणारा टिप्पर नियमात, अशी ही रेषा आहे.

आणि ज्याच्याकडे भांडवल आहे तो या रेषेवरून चालतच नाही, तो वेगळीच वाट काढतो. सूरजागडजवळच्या हेडरीत खनिज दळून, पाण्यात कालवून, सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या नळातून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्यात पाठवायची योजना उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिची क्षमता वर्षाला एक कोटी टन, म्हणजे वर हिशेब केला तेवढीच. नळातून गेलेल्या प्रत्येक टनाचा धूर वाचतो, धूळ वाचते, आलापल्लीच्या रस्त्यावरचा धोका कमी होतो. पर्यावरणाच्या बाजूने पाहिले तर बीएस-६ ने जे साधणार होते त्याहून हे कितीतरी जास्त. टिप्परमालकाच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक टन म्हणजे गेलेले भाडे.

विजेच्या ट्रकांचेही तसेच. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ मध्ये विजेच्या ट्रकांसाठी जास्तीत जास्त ९.६ लाख रुपयांचे प्रोत्साहन जाहीर झाले, देशभरात सुमारे ५,६०० गाड्यांसाठी. त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो. खाणीत स्वतःचे चार्जिंग बसवू शकणाऱ्या कंपनीला हे जमण्यासारखे आहे. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला आधी ती गाडी भंगारात घालायची आणि मग सबसिडीच्या कितीतरी पट किमतीच्या ट्रकसाठी बँकेत उभे राहायचे, हे जमण्यासारखे नाही.

पण नळ कोनसरीला संपतो आणि कोनसरीला रेल्वे नाही. तिथे तयार होणारे पेलेट, म्हणजे खनिजाच्या गोळ्या, बाहेर न्यायला आणि कोळसा आत आणायला ट्रक लागणारच. ही फेरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या मोठ्या रस्त्यांवरची, लांब, सलग वेगाची. बीएस-६ गाडी जिथे नीट चालते, गाळणी आपोआप साफ होते आणि वर्कशॉप हाताशी असते, अशी नेमकी हीच फेरी आहे. ती मोठ्या ताफ्यांना सोयीची. एटापल्लीच्या मालकाकडे राहतात त्या आतल्या रस्त्यांच्या, पुलांच्या, घरकुलांच्या कामांवरच्या छोट्या, संथ, थांबत-थांबत जाणाऱ्या फेऱ्या, ब्रासच्या दराने. डीपीएफ सर्वांत लवकर चोंदतो तो अशाच फेऱ्यांत. त्या कामाला तो आपली जुनी बीएस-३ गाडीच लावील, आणि आजच्या दरसूचीप्रमाणे त्याचा हिशेब बरोबरच असेल.